आभासी उड्डाणासाठी संगणक व हेडसेट : निवड कशी करावी?

विमान चालविणे ही केवळ हातापायांची करामत नाही. डोळ्यांना जे दिसते, कानांना जे ऐकू येते आणि शरीराला जे जाणवते, त्या सर्वांचा क्षणाक्षणाला मेळ घालण्याची ती विद्या आहे. ही विद्या जमिनीवर बसून, जीविताला धोका न पोचता आत्मसात करता यावी, या हेतूने सिम्युलेटर म्हणजे उड्डाणाची प्रतिकृती घडविणारे यंत्र निर्माण झाले. एके काळी असे यंत्र फक्त विमान कंपन्यांना व हवाई दलांनाच परवडत असे. आज समर्थ संगणक, डोळ्यांवर बांधावयाचा हेडसेट आणि विमानाच्या सुकाणूची दांडी एवढ्या सामग्रीवर एखाद्या महाविद्यालयाच्या किंवा औद्योगिक प्रशिक्षण संस्थेच्या खोलीतही आभासी उड्डाण घडविता येते.

परंतु सामग्री मिळणे व ती योग्य निवडणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. मेळ न बसणारी उपकरणे खरेदी झाली की विद्यार्थ्यांना घेरी येते, चित्र अडखळते, अक्षरे वाचता येत नाहीत आणि काही महिन्यांतच ती सामग्री कुलूपबंद कपाटात जाऊन पडते. पैसा सार्वजनिक असेल तर ही हानी अधिकच गंभीर ठरते. म्हणून या निवडीमागील तत्त्वे अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांनी समजून घेणे अगत्याचे आहे.

थोडा पूर्वेतिहास

१० फेब्रुवारी १९२९ रोजी जे. आर. डी. टाटा यांना भारतातील पहिला वैमानिक परवाना मिळाला. त्याच वर्षी अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात एडविन लिंक यांनी आपले पहिले उड्डाण-शिक्षण यंत्र सिद्ध केले. लिंक यांच्या वडिलांचा ऑर्गन वाद्ये बनविण्याचा कारखाना होता. त्या वाद्यांतील भाते व हवेचे पंप वापरून त्यांनी एक छोटी लाकडी विमानपेटी तयार केली. आत बसलेल्या शिकाऊ व्यक्तीने दांडी हलविताच ती पेटी डोलत असे. आरंभी हे यंत्र करमणुकीच्या उद्यानांत अधिक खपले. पुढे १९३४ मध्ये अमेरिकेत टपाल वाहून नेण्याचे काम सैन्याच्या वैमानिकांकडे आले. खराब हवामानात केवळ उपकरणांच्या आधारे उडण्याचा पुरेसा सराव नसल्याने अल्पावधीत अनेकांचे बळी गेले. त्यानंतर सैन्याने लिंक यांची सहा यंत्रे विकत घेतली. सिम्युलेटर हे खेळणे नसून प्राण वाचविणारे साधन आहे, ही गोष्ट अशा रीतीने मान्य झाली.

हेडसेटचा इतिहासही आता अर्धशतकाहून जुना आहे. १९६८ मध्ये आयव्हन सदरलँड यांनी डोक्याच्या हालचालीबरोबर चित्र बदलणारे उपकरण तयार केले. परंतु ते इतके जड होते की छताला टांगून ठेवावे लागे. सामान्य ग्राहकाला घरी वापरता येतील असे हेडसेट २०१६ मध्ये बाजारात आले. २०२० मध्ये मायक्रोसॉफ्टच्या फ्लाइट सिम्युलेटर या कार्यक्रमाला हेडसेटची जोड मिळाली. एप्रिल २०२१ मध्ये युरोपीय संघाच्या विमान सुरक्षा संस्थेने स्वित्झर्लंडमधील एका कंपनीच्या हेडसेटवर चालणाऱ्या हेलिकॉप्टर सिम्युलेटरला अधिकृत प्रशिक्षणासाठी प्रथमच मान्यता दिली.

हेडसेट नेमके काय करतो?

हेडसेटमध्ये प्रत्येक डोळ्यासमोर एक लहान पडदा व एक भिंग असते. दोन्ही पडद्यांवर किंचित वेगवेगळी चित्रे उमटतात आणि त्यामुळे खोलीचा भास होतो. डोके वळविले की चित्रही त्याच दिशेला वळते. वैमानिकाच्या दृष्टीने याचे मोल मोठे आहे. धावपट्टीकडे वळण घेताना वैमानिकाला खांद्यावरून मागे पाहावे लागते. टेबलावरील साध्या पडद्यावर हे घडत नाही. हेडसेटमध्ये मात्र ते सहज घडते. उतरताना जमीन किती जवळ आली, याचा अंदाजही खोलीच्या भासामुळे अधिक चांगला येतो.

परंतु डोके वळणे आणि चित्र वळणे यांत अवधी पडता कामा नये. तो सुमारे २० मिलिसेकंदांच्या, म्हणजे सेकंदाच्या पन्नासाव्या भागाच्या आत असावा, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. अवधी वाढला की डोळे एक सांगतात व कानातील तोल सांभाळणारी यंत्रणा दुसरेच सांगते. या विसंवादातून मळमळ व घेरी उत्पन्न होते. संगणक किती समर्थ हवा, या प्रश्नाचे मूळ येथे आहे.

कामाचा भार किती?

आता थोडे गणित पाहू. पडद्यावरील चित्र असंख्य बिंदूंचे बनलेले असते. कार्यालयातील सामान्य पडद्यावर आडवे १९२० व उभे १०८० असे एकूण सुमारे २० लाख ७४ हजार बिंदू असतात. ते सेकंदाला ६० वेळा रंगविले जातात, म्हणजे दर सेकंदास सुमारे १२ कोटी ४४ लाख बिंदू. २०२३ मध्ये आलेल्या मेटा क्वेस्ट ३ या हेडसेटमध्ये प्रत्येक डोळ्यासाठी २०६४ गुणिले २२०८ बिंदू आहेत. दोन्ही डोळ्यांचे मिळून ते ९१ लाखांहून अधिक होतात. सेकंदाला ७२ चित्रे धरली तरी दर सेकंदाचा आकडा सुमारे ६५ कोटी ६२ लाखांवर जातो. म्हणजे भार पाचपटीहून अधिक झाला. भिंगामुळे येणारी वक्रता सुधारण्यासाठी प्रत्यक्षात याहूनही मोठे चित्र तयार करावे लागते.

यावरून दोन निष्कर्ष निघतात. पहिला असा की, कार्यालयीन कामासाठी घेतलेल्या संगणकाला हेडसेट जोडून आभासी उड्डाण साधणार नाही. दुसरा निष्कर्ष अधिक महत्त्वाचा आहे : हेडसेट कोणता हे ठरल्याखेरीज संगणक कोणता हे ठरविता येत नाही. अनेक ठिकाणी आधी संगणक घेतला जातो व उरलेल्या रकमेत बसेल तो हेडसेट निवडला जातो. हा क्रम उलटा आहे. प्रथम उद्देश, मग कार्यक्रम, मग हेडसेट आणि शेवटी संगणक, हाच निवडीचा योग्य क्रम होय.

उद्देश व कार्यक्रम

विद्यार्थ्यांना विमानविद्येची तोंडओळख करून द्यावयाची आहे, की वैमानिक होऊ इच्छिणाऱ्या तरुणांना उपकरणे वाचण्याचा सराव द्यावयाचा आहे, हे आधी स्पष्ट असावे. पहिल्या कामाला साधी सामग्री पुरते. दुसऱ्या कामाला अक्षरे स्वच्छ दिसणे आवश्यक असते.

कार्यक्रमांपैकी तिघांचा निर्देश येथे पुरेसा होईल. मायक्रोसॉफ्टचा २०२४ मधील फ्लाइट सिम्युलेटर भूप्रदेशाचे तपशील इंटरनेटवरून सतत मागवीत असतो. त्यामुळे दृश्य अतिशय वास्तव दिसते, परंतु जोडणी मंद असेल तर खालचा प्रदेश धूसर राहतो. त्यासाठी कंपनीने सेकंदाला किमान १० मेगाबिट, तर शिफारस म्हणून ५० मेगाबिट वेगाची जोडणी सांगितली आहे. एक्स-प्लेन हा दुसरा कार्यक्रम आपला भूप्रदेश संगणकाच्या तबकडीवर साठवितो. जेथे जोडणी बेभरवशाची आहे अशा गावी तो अधिक सोयीचा पडतो. फ्लाइटगियर हा तिसरा कार्यक्रम विनामूल्य व मुक्त स्वरूपाचा आहे. हेडसेट न घेता, साध्या पडद्यावर प्रारंभ करू इच्छिणाऱ्या शाळेने त्याचा अवश्य विचार करावा.

हेडसेटची पारख

हेडसेट निवडताना जाहिरातीतील एकूण बिंदूंपेक्षा, दृष्टीच्या एका अंशात किती बिंदू बसतात हे विचारावे. निरोगी डोळा एका अंशात सुमारे ६० बिंदू वेगळे ओळखू शकतो. क्वेस्ट ३ मध्ये हे प्रमाण सुमारे २५, तर पायमॅक्स क्रिस्टल या हेडसेटमध्ये सुमारे ३५ आहे. याचा व्यावहारिक अर्थ असा : प्रशिक्षणात सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या सेसना १७२ या विमानाच्या पंखांची लांबी ११ मीटर असते. ते ३ किलोमीटरवर असताना प्रत्यक्ष डोळ्याला सुमारे १२ बिंदूंएवढे दिसते. पहिल्या हेडसेटमध्ये ते पाच बिंदूंत व दुसऱ्यात सात बिंदूंत सामावते. म्हणजे अन्य विमान दुरून हेरण्याचा सराव हेडसेटवर अपुराच राहणार, हे शिक्षकाने ध्यानात ठेवावे. समोरची उपकरणे वाचणे मात्र दोहोंतही शक्य होते.

दुसरी बाब डोळ्यांच्या बाहुल्यांमधील अंतराची. प्रौढ व्यक्तींमध्ये हे अंतर बहुधा ५४ ते ७४ मिलिमीटरच्या दरम्यान असते. भिंगांचे अंतर त्याच्याशी जुळले नाही तर चित्र अंधूक दिसते व डोळे शिणतात. क्वेस्ट २ मध्ये भिंगांच्या केवळ तीन जागा होत्या : ५८, ६३ व ६८ मिलिमीटर. क्वेस्ट ३ मध्ये चाक फिरवून हे अंतर हवे तसे बदलता येते. एकच हेडसेट अनेकांनी वापरावयाचा असेल तेथे अशी सोय हवीच. चष्मा लावून तो घालता येतो की नाही, हेही पाहावे.

तिसरी बाब वजनाची. क्वेस्ट ३ चे वजन ५१५ ग्रॅम आहे. २०२३ मध्ये आलेल्या बिगस्क्रीन बियॉन्डचे वजन अवघे १२७ ग्रॅम होते, परंतु त्याची चेहऱ्यावर टेकणारी गादी एकाच ग्राहकाच्या चेहऱ्याच्या मापाने बनविली जाई. व्यक्तीला जे उत्तम, ते संस्थेला उत्तम असेलच असे नाही, याचे हे बोलके उदाहरण होय.

चौथी बाब जोडणीची. काही हेडसेट संगणकाच्या ग्राफिक्स कार्डाला थेट तारेने जोडले जातात व त्यांत चित्र मूळ स्वरूपात पोचते. क्वेस्टसारख्या हेडसेटमध्ये चित्र आधी संक्षिप्त करून तारेने अथवा बिनतारी मार्गाने पाठविले जाते. त्यात थोडी स्पष्टता कमी होते व थोडा अवधीही वाढतो. बिनतारी मार्ग निवडल्यास संगणक राउटरला तारेनेच जोडावा व राउटर त्याच खोलीत ठेवावा.

पाचवी बाब निर्मात्याच्या पाठिंब्याची. एचपी कंपनीचा रिव्हर्ब जी-२ हा हेडसेट २०२० मध्ये आला तेव्हा उड्डाणप्रेमींनी त्याचे मोठे स्वागत केले. प्रत्येक डोळ्यासाठी २१६० गुणिले २१६० बिंदू ही त्या काळी उत्तम स्पष्टता होती. परंतु तो विंडोजमधील ज्या सुविधेवर चालत असे, ती मायक्रोसॉफ्टने २०२४ च्या विंडोज ११ आवृत्तीतून काढून टाकली. संगणक अद्ययावत करताच सुस्थितीतील हेडसेट निरुपयोगी ठरण्याची पाळी अनेकांवर आली. म्हणून स्वस्त मिळतो एवढ्याच कारणाने जुना नमुना घेऊ नये. तो कोणत्या प्रणालीवर किती काळ चालेल आणि भारतात त्याची हमी व दुरुस्ती कोण करील, हे लेखी विचारून घ्यावे.

संगणकाची निवड

संगणकात सर्वांत मोठा भार ग्राफिक्स कार्डावर पडतो. एकाच घरातील कार्डांची तुलना करताना त्याची स्वतःची स्मृती किती, हे आवर्जून पाहावे. आरटीएक्स ४०७० या कार्डात ती १२ गिगाबाइट व ४०८० मध्ये १६ गिगाबाइट आहे. २०२५ मध्ये आलेल्या पुढील पिढीतील ५०७० टीआय व ५०८० या दोन्ही कार्डांत ती १६ गिगाबाइट आहे. हेडसेटवरील उड्डाणात ही स्मृती भरली की चित्र एकाएकी अडखळू लागते. त्यामुळे नवीन खरेदीत १२ गिगाबाइट ही किमान व १६ गिगाबाइट ही समाधानकारक मर्यादा मानावी.

निविदेत लॅपटॉप मागविताना विशेष सावधगिरी बाळगावी. लॅपटॉपमधील कार्डाचे नाव टेबलावरील संगणकाच्या कार्डासारखेच असले तरी त्याची क्षमता तेवढी नसते. उदाहरणार्थ, लॅपटॉपमधील आरटीएक्स ४०७० ला १२ ऐवजी ८ गिगाबाइटच स्मृती असते. केवळ नावावरून केलेली तुलना येथे फसवी ठरते.

कार्डाखालोखाल प्रोसेसरचे महत्त्व आहे. विमानाची गती, वारा, इंजिन, इतर वाहतूक यांचा हिशेब तो करतो. या हिशेबाचा बराचसा भाग एकाच धाग्यात चालतो. म्हणून प्रोसेसरमध्ये गाभे किती आहेत यापेक्षा एकेक गाभा किती वेगवान आहे आणि जवळची साठवण म्हणजे कॅश किती मोठी आहे, याला अधिक मोल आहे. रायझेन ७ ७८००एक्स३डी या प्रोसेसरमध्ये ९६ मेगाबाइट कॅश असल्याने तो या कामी नावाजला गेला. रॅमची शिफारस मायक्रोसॉफ्टने २०२४ च्या कार्यक्रमासाठी ३२ गिगाबाइट एवढी केली असून आदर्श म्हणून ६४ गिगाबाइट सांगितली आहे. तबकडी एसएसडी प्रकारचीच असावी.

सेकंदाला ७२ चित्रे हवी असतील तर प्रत्येक चित्रासाठी संगणकाला सुमारे १३.९ मिलिसेकंद मिळतात, आणि ९० चित्रे हवी असतील तर ११.१ मिलिसेकंद. दाट वस्तीच्या शहरावरून उडताना समर्थ संगणकालाही हे साधत नाही. अशा वेळी हेडसेटची प्रणाली निम्मी खरी चित्रे घेऊन मधली चित्रे स्वतः अनुमानाने भरते. उड्डाणात ही तडजोड बहुधा चालून जाते, कारण दूरचा प्रदेश संथपणे सरकत असतो. मात्र चढउतार होणाऱ्या ७२ चित्रांपेक्षा स्थिर ३६ चित्रे बरी, हा अनुभवसिद्ध नियम आहे. दृश्याची झगमग थोडी कमी करून गती स्थिर ठेवावी.

वीज, उष्णता व आसन

आपल्या राज्यातील परिस्थितीचा विचार करता वीज व उष्णता यांकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. आरटीएक्स ४०८० हे कार्ड पूर्ण भारावर सुमारे ३२० वॅट घेते. प्रोसेसरचे १२० व इतर भागांचे सुमारे १०० वॅट धरले तर एकूण ५४० वॅट होतात. अशा संगणकाला ७५० वॅटचा वीजपुरवठा संच लागतो. कार्यालयातील ६०० व्हीए क्षमतेचा यूपीएस सर्वसाधारणपणे ३६० वॅटच पेलतो. तो येथे मुळीच पुरणार नाही. विदर्भ-मराठवाड्यातील उन्हाळ्यात बंद खोलीतील हा संगणक अक्षरशः शेगडीसारखा तापतो. म्हणून खेळती हवा, आणि शक्य तेथे वातानुकूलन, यांची तरतूद खरेदीच्या अंदाजपत्रकातच असावी.

हेडसेटच्या भिंगांवर थेट ऊन कधीही पडू देऊ नये. भिंगातून एकवटलेले किरण आतील पडदा थोड्याच वेळात जाळून टाकतात. वापरानंतर भिंगे कोरड्या मऊ कापडाने पुसावीत व हेडसेट खिडकीपासून दूर पेटीत ठेवावा.

हेडसेट घातल्यावर कळफलक दिसत नाही. त्यामुळे सुकाणूची दांडी, वेगाचा दांडा व पायाने दाबावयाची रडर-पेडल्स ही हाताला व पायाला न पाहता सापडली पाहिजेत. ती टेबलाला पक्की बसवावीत. खुर्ची चाकांची नसावी. या सामग्रीसाठी रक्कम राखून ठेवली नाही तर उत्तम हेडसेटही कुचकामी ठरतो.

आरोग्य व मर्यादा

नव्या विद्यार्थ्याला आरंभी पाच-दहा मिनिटांपेक्षा अधिक बसवू नये. मळमळ जाणवताच थांबावे. नेटाने सहन केल्यास ती वाढतेच. मेटा कंपनीने १० वर्षांखालील मुलांसाठी आपले हेडसेट नाहीत असे म्हटले आहे व १० ते १२ वर्षांच्या मुलांना पालकांच्या देखरेखीखालील खाते आवश्यक केले आहे. अन्य निर्मात्यांच्या वयोमर्यादा त्यांच्या सूचनापत्रकांतून पाहाव्यात. प्राथमिक शाळांसाठी हेडसेटची खरेदी करू नये, हाच यातून निघणारा स्पष्ट बोध होय.

वर्गाचे गणितही मांडून पाहावे. ४० विद्यार्थी व एक हेडसेट असेल आणि प्रत्येकाला १५ मिनिटे द्यावयाची असतील तर एक फेरी पूर्ण होण्यास १० तास लागतात. म्हणून उडणाऱ्याला जे दिसते ते मोठ्या पडद्यावरही दाखवावे. एक जण उडवील, दुसरा नकाशा वाचील, तिसरा तपासणी-सूची मोठ्याने वाचून दाखवील, अशी कामे वाटून द्यावीत. प्रत्यक्ष विमानातही काम वाटूनच केले जाते.

आणखी एक इशारा देणे कर्तव्य आहे. घरगुती किंवा शाळेतील सिम्युलेटरवरील तास परवान्यासाठी धरले जात नाहीत. व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने २०० तासांच्या उड्डाणाची अट घातली आहे. सिम्युलेटरवरील तास ग्राह्य धरावयाचे तर ते यंत्र महासंचालनालयाने मान्य केलेले असावे लागते. गोंदियाजवळ बिरसी येथे भारतीय विमानतळ प्राधिकरण व कॅनडातील सीएई कंपनी यांच्या भागीदारीतून उभी राहिलेली राष्ट्रीय उड्डाण प्रशिक्षण संस्था आहे. तेथील शिक्षणाची जागा खोलीतील हेडसेट घेऊ शकत नाही. हेडसेटवर वैमानिक घडवून देण्याचे आश्वासन देऊन कोणी ग्रामीण तरुणांकडून मोठे शुल्क मागत असेल, तर महासंचालनालयाची मान्यता दाखविण्यास त्याला प्रथम सांगावे.

खरेदीपूर्वी

या विवेचनाचा व्यवहारात उपयोग व्हावा म्हणून खरेदी समितीने पुढील गोष्टी कटाक्षाने कराव्यात :

१. उद्देश, कार्यक्रम, हेडसेट व संगणक या क्रमाने टिपणी तयार करावी.

२. निविदेत केवळ नमुन्याचे नाव न लिहिता कार्डाची स्मृती, रॅम, वीजपुरवठा संच व हेडसेटच्या जोडणीचा प्रकार स्पष्ट नमूद करावा.

३. विक्रेत्याकडून प्रात्यक्षिक मागावे. तोच संगणक, तोच हेडसेट व तोच कार्यक्रम घेऊन मुंबईसारख्या दाट वस्तीच्या शहरावरून किमान अर्धा तास उड्डाण करून पाहावे.

४. चष्मा असलेल्या व नसलेल्या अशा किमान चार व्यक्तींनी हेडसेट घालून उंचीमापकावरील आकडे वाचून दाखवावेत.

५. दांडी, पेडल्स, यूपीएस, हवा व देखभाल यांचा खर्च मूळ अंदाजातच धरावा.

६. उपकरणांची जबाबदारी एका शिक्षकावर नावानिशी सोपवावी व वापराची नोंदवही ठेवावी.

अर्थसाहाय्य अपुरे असेल तर हेडसेट पुढील वर्षासाठी राखून, यंदा चांगला संगणक, दांडी व मोठा पडदा यांवर काम सुरू करणे शहाणपणाचे ठरेल. मात्र तेव्हाही पुढे कोणता हेडसेट जोडावयाचा, हे आधीच ठरवून त्या मानाने संगणक घ्यावा. अर्धवट क्षमतेच्या दोन वस्तूंपेक्षा पूर्ण क्षमतेची एक वस्तू केव्हाही अधिक उपयोगी पडते. ज्या मुलाने विमान फक्त आकाशात दुरून पाहिले आहे, त्याला पंखावर हवा कशी काम करते, वळताना उंची का घटते, उतरताना वेग का सांभाळावा लागतो, हे स्वतः करून पाहण्याची संधी मिळावी, हे या सामग्रीचे खरे प्रयोजन आहे. निवड विचारपूर्वक झाली तर ते प्रयोजन सफल होईल आणि त्यावर खर्ची पडलेला प्रत्येक रुपया सत्कारणी लागेल.